मित्रास पत्र: टोलेडोचा हॉकी मोसम

टोलेडो, ओहायो
22 जून 2025

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

"एवढ्या थंडीत पैसे मोजून बर्फावरची मारामारी बघायला कशाला जातोस?" असं विचारलंस. फोनवर सांगण्याएवढं ते छोटं नाही, म्हणून पत्र. शिवाय मोसम याच महिन्यात संपलाय आणि आम्ही अंतिम फेरीत हरलोय, त्यामुळे बोलायला माणूस हवाच होता. 'आम्ही' म्हणजे टोलेडो वॉलआय, इथला आइस हॉकीचा संघ. हस खुशाल.

वॉलआय हा इथला मासा. एरी सरोवरातून तो मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालायला मॉमी नदीत चढतो आणि माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात गळ टाकून उभी राहतात. त्याच सुमारास बाद फेरीचे सामने तोंडावर येतात. ऑफिसात तेव्हा दोनच विषय, दोन्हींत वॉलआय.

आता लीगचं सांगतो. टीव्हीवर दिसते ती एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, सगळ्यात वरची. तिच्याखाली एएचएल, आणि तिच्याखाली आमची ईसीएचएल. ऑक्टोबर ते एप्रिल, 72 सामने, बहुतेक शुक्रवार-शनिवार-रविवार. कधीकधी तिन्ही दिवस सलग, आणि मधला प्रवास रात्रीच्या बसने. पगार आठवड्याचा आणि मोसमापुरताच, राहायची सोय संघाची. उन्हाळ्यात बरेच जण दुसरं काहीतरी काम बघतात. आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू म्हटलं की डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते इथे लागू नाही.

गंमत आणि दुःख दोन्ही पुढे आहे. आमच्या डोक्यावर एएचएलचा ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स संघ, त्यांच्या डोक्यावर एनएचएलचा डेट्रॉईट रेड विंग्ज. डेट्रॉईटचा कुणी जायबंदी झाला की ग्रँड रॅपिड्सहून एक वर जातो, आणि त्याची जागा भरायला आमचा एक. सकाळी फोन येतो, दुपारी पोरगा गाडीत बॅग टाकून निघालेला असतो. काहींचा वरच्या क्लबशी आधीच करार असतो, बाकीच्यांना 25 सामन्यांपर्यंतचा तात्पुरता करार मिळतो. तिथे जमलं तर राहायचं, नाहीतर परत टोलेडो. म्हणजे जो चांगला खेळतो तोच जातो! तुमच्या मंडळाचा चढाईपटू ऐन जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर पोलिसात भरती झाला, तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं आठव. इथे ते महिनोन्‌महिने चालतं.

त्यात नियम असा की 260 किंवा जास्त व्यावसायिक सामने खेळलेले चारच जण संघात ठेवता येतात. गोलकीपरना तेवढी सूट. पोरांना संधी मिळावी हा हेतू, आणि तो बरोबरही आहे. पण तिशीला टेकलेला, गाव ज्याला नावाने ओळखतं असा माणूस या हिशेबात बाहेर पडतो, तेव्हा मला तो नियम आवडत नाही. ब्रँडन हॉकिन्ससारखा एखादा राहतो. 2023-24 मध्ये तो अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. असा माणूस आपल्याकडे आहे याचा इथल्या लोकांना केवढा तोरा!

प्रशिक्षकही सुटत नाहीत. डॅन वॉटसनने आमचा संघ 2019 आणि 2022 मध्ये अंतिम फेरीत नेला, आणि 2023 मध्ये ग्रँड रॅपिड्सने त्यालाच उचललं.

तरी वर गेलेल्यांवर कुणी रागावत नाही. जोनाथन क्विक पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या संघात, म्हणजे याच लीगमध्ये खेळला आणि पुढे लॉस एंजेलिसकडून 2012 ला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा कप, जिंकला. जॉर्डन बिनिंग्टन आमच्या शेजारच्या कॅलामझूत होता, 2019 ला सेंट लुईसकडून जिंकला. दोघेही गोलकीपर. माझ्या मागच्या रांगेतले आजोबा ही नावं अशी घेतात की वाटावं पोरं त्यांच्याच अंगणात वाढली. प्रतिस्पर्धी संघांची पोरं, बरं का!

सामन्याचं म्हणशील तर वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. मध्ये झँबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरते आणि बर्फ पुन्हा आरशासारखा होतो. सुरुवातीला मला पक दिसायचाच नाही. आधी गोठवून ठेवलेली रबराची चकती ती, दिसणार कशी? आजोबांनी सांगितलं, पक बघू नकोस, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते बघ. तेव्हापासून खेळ कळायला लागला. मारामारी होते, हातमोजे फेकून होते, आणि पाच मिनिटं शिक्षेच्या खोक्यात बसवतात. पण आमच्या फोर्ट वेनबरोबरच्या सामन्यात नुसत्या धक्क्यांनीच काचा हादरतात. त्यांचा कोमेट्स संघ 1952 पासूनचा, शहर दीड-दोन तासांवर, त्यामुळे त्यांचे लोक गाड्या भरभरून येतात आणि आपल्याच घरात आपल्याला ओरडून दाखवतात.

यंदा पश्चिम गट जिंकला, आणि केली कपच्या, म्हणजे आमच्या लीगच्या कपच्या, अंतिम फेरीत क्वेबेकच्या त्रुआ-रिव्हिएरने 4-1 ने आपटलं. 2019 ला न्यूफाउंडलंडकडून हरलो, 2022 ला फ्लोरिडाकडून, आता हे. टोलेडोच्या आधीच्या स्टॉर्म नावाच्या संघाने 1993 आणि 1994 ला या लीगचा कप जिंकला होता. तेव्हा कपचं नाव वेगळं होतं. केली कप गावात अजून आलेला नाही. आजोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी." तीन वेळा हरल्यावरही ते हे अगदी बिलाची तारीख सांगावी तसं सांगतात.

दिवाळीनंतर येतोयस ना? फोर्ट वेनच्या सामन्याची तिकिटं काढून ठेवतो. कोण कोण खेळेल ते विचारू नकोस, तोवर निम्मी नावं बदललेली असतील. वहिनींना नमस्कार सांग, आणि येताना माझ्यासाठी कांदा-लसूण मसाला आण. जाड मोजे इथे मिळतात.

तुझा,
सुन्या