पंखा वाजतो, पण हवा कुठली ओढतो?

महोदय,

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या मांडवा-रेवस पट्ट्यात पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेल्या बोटींच्या ताडपत्र्या सुटायला लागतात. मासेमारीच्या होड्यांच्या जोडीला हौशी मालकांच्या मोटरबोटीही असतात. गेली 26 वर्षे मी या बोटींची इंजिने दुरुस्त करतो. हंगामाच्या तोंडावर रंग, गाद्या, गाण्याचे स्पीकर या सगळ्यावर खर्च होतो. इंजिनाच्या खणात हवा खेळते का, हे मात्र कोणी विचारत नाही. त्यासाठी हे पत्र.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. मोटारीत पेट्रोल गळले तर ते खाली रस्त्यावर पडते आणि वाऱ्यावर जाते. बोटीचा तळ बंद. गळलेल्या पेट्रोलची वाफ वाटीत पाणी साठावे तशी तळाशी साठते आणि वर झाकण लावलेले असल्याने बाहेरून काही कळत नाही. हवेत ती जेमतेम दीड टक्का मिसळली की एक ठिणगी पुरते. डिझेल इंजिनाला हा धोका बराच कमी. पण हौशी बोटींत, विशेषतः बाहेरून आलेल्या जुन्या बोटींत, पेट्रोलची आतली इंजिने बरीच आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. 24 फुटी बोट होती, दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. खलाशी पोरगा शिकवल्याप्रमाणे वागणारा. कॅनमधून पेट्रोल भरले, ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालू केला, घड्याळ लावून चार मिनिटे थांबला आणि मग चावी फिरवली. झाकण उडून पाण्यात पडले. बोटीवर पाहुणे चढायचे होते, ते जेटीवरच होते म्हणून वाचले. पोराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दीड महिना त्याला आई जेवण भरवत होती.

नंतर मी बोट उघडली. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीचा क्लॅम्प ढिला होऊन पेट्रोल ठिबकत होते. पण मला हादरवले ते दुसऱ्या गोष्टीने. ब्लोअरला जोडलेला सुरळीचा पाइप तोंडापाशीच फाटून निखळला होता. म्हणजे पंखा फिरत होता, आवाज येत होता, मागच्या जाळीतून हवाही बाहेर येत होती. फक्त ती हवा वरची होती. तळातली वाफ जागची हलली नव्हती. आणि त्याच हंगामाच्या सुरुवातीला त्या बोटीचे काम मी केले होते. बटण दाबले, आवाज ऐकला आणि बिलावर लिहिले, 'ब्लोअर तपासला.' त्या पोराच्या घरी जाऊन मी हे कबूल केले आहे. इथेही करतो.

म्हणून मालकांनी स्वतः पाहावे. शोषणाऱ्या पाइपचे खालचे तोंड खणाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागात हवे, मात्र तळात नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या वर. पाण्यात बुडाले तर तो काहीच ओढत नाही. पाइपला मध्ये झोळ नको. झोळात पाणी साठते आणि वाट बंद होते. ब्लोअर चालू करून खालच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा तुकडा धरावा. तो चिकटला पाहिजे. मागच्या जाळीला हात लावून समाधान मानू नये, मी तिथेच फसलो.

हवा बाहेर काढायची तर आत यायलाही वाट लागते. समोर तोंड करून बसवलेल्या झडपेतून ताजी हवा आत आणि मागे तोंड केलेल्या झडपेतून बाहेर, अशी जोडी असते. नांगरावरची बोट बहुधा वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचे टोक, करून राहते, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थोडी हवा फिरत राहते. पण आपल्याकडे पावसाळ्यात या झडपा टेप लावून बंद करतात आणि सप्टेंबरात टेप तशीच राहते. टेप नसली तर कुंभारमाशी पाइपात मातीचे घर करते. गेल्या वर्षी एका बोटीच्या तीन इंची पाइपातून मी मूठभर सुकी माती काढली. मालकाला वाटत होते, ब्लोअर जुना झाला म्हणून जोर कमी पडतो.

ब्लोअर किती मोठा हवा, याचाही हिशेब आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत तो दिलेला आहे; 31 जुलै 1980 नंतर तिथे बांधलेल्या, आत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना ब्लोअर सक्तीचा आहे. इंजिन आणि टाकीची जागा वजा करून खणात 70 घनफूट पोकळी उरत असेल, तर मिनिटाला 105 घनफूट हवा ओढणारा पंखा लागतो, म्हणजे पोकळीच्या दीडपट.

आणि एक हात जोडून सांगतो. बोटीचा ब्लोअर, स्टार्टर किंवा अल्टरनेटर बिघडला की मोटारीच्या दुकानातला बसवू नका. दिसायला सारखाच असतो, किमतीत मोठा फरक असतो, त्यामुळे मोह होतो हे मला माहीत आहे. पण बोटीच्या भागांत ठिणगी बाहेर पडू नये अशी बंदिस्त रचना असते, मोटारीच्या भागांत ती नसते. वाफ बाहेर काढायला बसवलेला पंखाच ठिणगी टाकणार असेल तर तो नसलेला बरा.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे म्हणतील, आमचे इंजिन मागे उघड्यावर टांगलेले, आम्हाला काय त्याचे? त्यांनी बैठकीखालची पेटी उघडून पाहावी. बऱ्याच बोटींत पेट्रोलची टाकी आणि बॅटरी एकाच बंद पेटीत असतात आणि वर माणसे बसलेली असतात. बॅटरी तिथून हलवा आणि पेटीला तळाशी व वर भोके ठेवा. एका दुपारचे काम आहे.

डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटकडे सगळ्यांचे लक्ष गेले, ते योग्यच झाले. माझ्यासमोर झालेल्या तपासण्यांत जॅकेटे आणि आग विझवायची नळकांडी मोजली जातात, पण इंजिनाचे झाकण उघडलेले मी क्वचितच पाहिले आहे. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की झाकण उघडायला लावा, ब्लोअर चालू करा आणि कागद धरून पाहा. पाच मिनिटे लागतील.

आणखी एक मागणी. बाहेरून आलेल्या बोटींवर चावीजवळ ब्लोअर चालवण्याच्या सूचनेची चिकटपट्टी असते. ती इंग्रजीत असते आणि चावी फिरवणारा आमचा खलाशी मराठी शाळेत शिकलेला असतो. हीच सूचना मराठीत, ठळक अक्षरांत सक्तीची करावी. माझ्याकडे येणाऱ्या बोटींवर मी ती रंगाने लिहून देतो: 'पेट्रोल भरताना ब्लोअर बंद, झाकणे बंद. भरून झाल्यावर सगळे उघडा, तळाशी वाकून वास घ्या. वास आला तर चावीला हात लावू नका, गळती शोधा. वास नसेल तर ब्लोअर चार मिनिटे, मगच चावी.'

आपला,
एक बोट मेकॅनिक,
मांडवा परिसर, ता. अलिबाग, जि. रायगड