सावित्रीचा पूल १६५ दिवसांत झाला, आमचा फणस अजून उभा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिले होते की, चीनमध्ये हुकूमशाही आहे म्हणून तिथे रस्ते होतात आणि आपल्याकडे लोकशाही आहे म्हणून खड्डे. वाक्य झकास आहे. आमच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानेही ते त्याच दिवशी दोनदा म्हणून दाखवले. पण मी ३३ वर्षे मोजणी खात्यात भूकरमापक होतो. साखळी ओढत नोकरीला लागलो आणि ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र खांद्यावर घेऊन निवृत्त झालो. सरकारी कामाचा वेग कुठे मुरतो ते बांधावर उभे राहून पाहिले आहे, म्हणून चार शब्द.

आधी आमच्याच मुंबई-गोवा महामार्गाचे उदाहरण घेतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी त्याच्याबरोबर गेल्या. त्या गाड्यांनी आम्ही सगळेच कधी ना कधी मुंबईला गेलेलो, त्यामुळे ती रात्र इकडे कोणी विसरलेले नाही. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये त्यावरून गाड्या धावल्या. याच महामार्गाच्या चौपदरीकरणाचे पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम २०११ साली सुरू झाले. पुढे आमच्याकडे आरवली ते वाकेड या पट्ट्यात किती गणपती वळणमार्गावरून आले, त्याची मोजदाद चाकरमान्यांनी केव्हाच सोडून दिली.

रस्ता तोच, पाऊस तोच, सरकार तेच आणि लोकशाही तर तीच. मग फरक कशात पडला? पुलाच्या बाबतीत नदी सरकारची, दोन्ही काठांचा रस्ता सरकारचा. सातबाऱ्यावर कोणाची आजी नव्हती. शिवाय सगळ्या राज्याचे डोळे त्या पुलावर होते, त्यामुळे फाइल टेबलावर झोपली नाही. एवढेच.

आजीचे म्हणाल तर आमच्या आजीचे नाव अजून आमच्या सातबाऱ्यावर आहे. ती १९७२ साली वारली. महामार्गात आमची १७ गुंठे वरकस, म्हणजे हलकी, जमीन गेली. त्या १७ गुंठ्यांवर ३८ नावे, त्यांतली ११ मयत. वारस लालबाग, डोंबिवली, नालासोपारा, एक आत्या गोव्यात दिलेली, तिची मुले आता पुण्यात. महामार्ग कायद्याच्या कलम थ्री-जीचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, निवाडा झाला तेव्हा वाटप कसे करायचे यावरच वर्ष गेले. पहिल्या तारखेला २६ जण आले, दुसऱ्या तारखेला १९. जे पहिल्या तारखेला आले होते त्यांतले निम्मे दुसऱ्या तारखेला नव्हते. एक चुलते तर म्हणाले, “माझी सही हवी असेल तर आधी १९८८ च्या कौलांचे पैसे द्या.” ही कौले कोणती, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तुम्ही म्हणाल, कायद्याप्रमाणे थ्री-डीची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा होते, वाटपाचा वाद असेल तर पैसे न्यायालयात भरून ताबा घेता येतो, मग भाऊबंदकीने रस्ता अडतो कसा? बरोबर आहे. कागदावर अडत नाही. पण समोर चाळीस माणसे उभी, हातात पैसा पडलेला नाही आणि आमदारांचा फोन येऊन गेलेला, अशा वेळी प्रांतांचा माणूस “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणून जीप वळवतो. मी त्या जीपमध्ये बसलेलो आहे.

आणि आमचा फणस. १७ गुंठ्यांच्या टोकाला, हद्दीवर एक जुना कापा फणस आहे. रस्त्याची आखणी त्याच्या बुंध्यातून जाते. मोजणीत निघाले काय, तर फणसाभोवतालचे पावणेतीन गुंठे वेगळ्या हिस्सा नंबरात आहेत आणि तो नंबर अधिसूचनेत नाहीच. कारण हिस्सा पडला त्याचे टिपण झाले, फाळणी झाली, पण कजाप, म्हणजे ज्यावरून सातबारा दुरुस्त होतो ते कमी-जास्त पत्रक, झालेच नाही. त्यामुळे नकाशा एक सांगतो आणि सातबारा दुसरे. आता त्या पावणेतीन गुंठ्यांसाठी पुन्हा थ्री-ए पासून, म्हणजे संपादनाच्या इराद्याच्या अधिसूचनेपासून, सुरुवात. दोन पावसाळे फणसाच्या अलीकडे काँक्रीट, पलीकडे काँक्रीट आणि मधे तो आपला उभा. उन्हाळ्यात त्याला फळेही भरपूर लागली. रस्त्यावरचे मजूर उतरवून खात, आम्ही काही बोललो नाही.

ते पुढे न गेलेले टिपण, म्हणजे मोजणीची नोंद, कोणाचे होते, हे विचारू नका. सही ओळखीची होती. १९९४ साली मी त्या गावाची हिस्सा मोजणी केली, महिन्याला ठरावीक प्रकरणे काढायची असत, मोजून झाले की प्रकरण निकाली. पुढचे दुरुस्तीचे काम दुसऱ्या टेबलाचे. ते झाले का, हे मी पाहायला गेलो नाही.

आता परदेशाकडे येतो. माझी धाकटी मुलगी आणि जावई जपानमध्ये नागोयाला असतात. २०२४ च्या वसंतात अडीच महिने तिकडे होतो. लोक तिकडे जाऊन चेरीची फुले बघतात, मी खाली मान घालून फुटपाथ बघत होतो. प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर, गटाराच्या कडेला बोटाएवढी धातूची पट्टी ठोकलेली, तिच्यावर लाल बाण. बाणाच्या टोकाला हद्द. कुठे दगडाच्या डोक्यावर कोरलेली फुली. आपल्या सातबाऱ्यावर “सीमा आणि भूमापन चिन्हे” असा रकाना असतो, तो मी आयुष्यभर बहुधा कोराच पाहिला. तिथे तो रकाना रस्त्यावर उमटलेला. जावई म्हणाले, “बाबा, लोक काय म्हणतील, उठा.” मी उकिडवा बसून फोटो काढत होतो.

पण जपान म्हणजे सगळे सोन्याचे असे समजू नका. तोक्यो-ओसाका बुलेट ट्रेनचे काम १९५९ साली सुरू झाले आणि १ ऑक्टोबर १९६४ ला गाडी धावली. ५१५ किलोमीटर, साडेपाच वर्षांत. हे आकडे सगळे सांगतात. यामागची गोष्ट क्वचित कोणी सांगतो. याच मार्गावर वेगवान गाडीची योजना युद्धापूर्वीच आखली गेली होती. काही जमीन तेव्हाच घेऊन ठेवली होती आणि शिन-तान्ना बोगदा खणायला १९४१ सालीच सुरुवात झाली होती. युद्धात काम थांबले, तरी आखणी आणि जमीन जागेवर राहिली. म्हणजे साडेपाच वर्षांच्या पोटात वीस वर्षांची तयारी होती. खर्च मात्र अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला आणि रेल्वेच्या अध्यक्षांना उद्घाटनाआधीच पायउतार व्हावे लागले. (आपल्याकडे काय होते, ते लिहीत नाही.)

त्याच देशात नारिता विमानतळाची जागा १९६६ साली ठरली, शेतकरी आणि विद्यार्थी आडवे पडले, विमानतळ सुरू व्हायला १९७८ उजाडले. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये झाली तीही आखडती, कारण तिच्या टोकाची शेते विकायला मालक तयार नव्हते. आणि माझ्या मुलीच्या नागोयाला तोक्योहून जी चुंबकीय गाडी यायची आहे, तिचे २०२७ साल हुकले. मधल्या शिझुओका प्रांताच्या गव्हर्नरांनी बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी कमी होईल म्हणून परवानगीच दिली नाही. लोकशाही तीच, अभियंतेही त्यांचेच.

त्याहून गंमत म्हणजे वारस नोंदीचा रोग तिथेही आहे. ज्यांचा मालक सापडत नाही अशा जमिनी तिथे अंदाजे ४१ लाख हेक्टर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागाहून जास्त. आजोबा वारले, मुले शहरात गेली, नोंद केलीच नाही. वाचून मला अगदी घरच्यासारखे वाटले. सुनामीनंतर गावे उंचावर हलवताना हे फार नडले. शेवटी त्यांनी कायदा केला. १ एप्रिल २०२४ पासून वारसाने तीन वर्षांत नोंद करायचीच, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. मी तिथे असतानाच तो लागू झाला. मुलीच्या शेजारच्या आजोबांना मी खुणांनी विचारले, तर त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचीही गावाकडे जमीन होती.

चीनबद्दल पत्रलेखकाचे अर्धे म्हणणे मान्य. शहरातली जमीन सरकारची, खेड्यातली समूहाची, शेतकऱ्याकडे फक्त वापराचा हक्क. बीजिंग-शांघाय १,३१८ किलोमीटरची द्रुतगती रेल्वे एप्रिल २००८ ते जून २०११ एवढ्या काळात झाली. आपण तेवढ्यात संयुक्त मोजणीच्या नोटिसा बजावतो. पण हुकूमशाही हेच कारण असेल तर स्पेनचे काय करायचे? माद्रिदने १९९५ ते १९९९ या चार वर्षांत मेट्रोचे ५६ किलोमीटर नवे मार्ग केले. तिथे निवडून आलेले सरकार होते. काम बघणारे अभियंते मोजके पण सरकारचेच आणि जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार असलेले. ठेका देताना नुसता सर्वांत कमी दर बघितला नाही. आपल्याकडे ठेकेदार तीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तितका कमी दर, भरतो आणि मग दोन वर्षांत मशिनरी गुंडाळून जातो, तेव्हा सगळे आश्चर्य करतात. उलट इंग्लंडच्या नव्या द्रुतगती रेल्वेत वटवाघळांना गाडी लागू नये म्हणून बांधायच्या एका छताचा खर्च दहा कोटी पौंडांवर गेला. उत्तरेकडचा फाटा तर २०२३ साली रद्दच झाला. वटवाघळांशी माझे वैर नाही, आमच्या माळ्यावर आहेत.

तेव्हा लांब कशाला, आपल्याच राज्यात बघा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. सुरुवातीला भूखंड एकत्रीकरणाची योजना आणली, शेतकऱ्यांनी ती धुडकावली, मोर्चे निघाले. मग सरकारने थेट खरेदी काढली. बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दर आणि खरेदीखत झाले की पैसे थेट खात्यात. विरोध होता तिथे राहिला, पण बहुतेक जमीन भराभर हाती आली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन, चार वर्षांनी नागपूर-शिर्डी सुरू, ५ जून २०२५ ला पूर्ण. एक गोष्ट मात्र मला खुपते. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या पहाटे शहापूरजवळ गर्डर बसवणारे यंत्र कोसळून वीस कामगार गेले. वेगाची गाणी गाताना तो आकडाही म्हणावा. याउलट मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन सप्टेंबर २०१७ चे, आणि पालघरसह सगळी जमीन हाती यायला जानेवारी २०२४ लागला.

कोकण रेल्वेचीही आठवण काढतात लोक. १९९० ते १९९८, साताठशे किलोमीटर, तेव्हाचे कोकण रेल्वेचे प्रमुख श्रीधरन साहेब यांच्या कार्यालयात उलटे मोजणारे घड्याळ. मी त्या मोजणीत होतो, तरुण होतो, डोंगर चढताना दम लागत नसे. अभिमान आहेच. पण १८९४ च्या कायद्याने जमिनी घेतल्या, दर काय मिळाला ते ज्यांच्या गेल्या त्यांना विचारा. आमच्या लोकांना गाडी हवी होती म्हणून त्यांनी कागद न वाचता अंगठे दिले. तो वेग आता मिळणार नाही, मिळूही नये.

माझी मागणी साधी आहे. नव्या मार्गाची आखणी कागदावर आली की ठेकेदार नेमायच्या आधी एक वर्ष त्या पट्ट्यातल्या गावांत मोजणी, कजाप आणि वारस नोंदी यांचेच काम करावे. शनिवार-रविवारी करावे, कारण चाकरमानी तेव्हाच येतो. गणपतीत केले तर सोन्याहून पिवळे, सगळे वारस एका घरात सापडतात. माझ्यासारखे निवृत्त भूकरमापक प्रत्येक तालुक्यात दहा-पंधरा तरी आहेत. चहा-पाण्यावर येतील. निदान मी येईन, १९९४ चे ते टिपण माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या गुरुवारी आमच्या पावणेतीन गुंठ्यांची तारीख आहे. चुलत बहीण वसईहून पहाटेच्या गाडीने निघणार आहे. माणगावच्या कोंडीत अडकली नाही, तर बारापर्यंत पोहोचेल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, जि. रत्नागिरी
(दावा लवादापुढे चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)