गेटवरच्या दादांना सलाम

दादा,

आमच्यात भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात. तेव्हा आधी सलाम.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. फोन नंबर घ्यायचा राहूनच गेला. दुसऱ्यांदा बेसनलाडवांचा डबा घेऊन आले, तेव्हा गेटवर एक नवा पोरगा उभा होता. म्हणाला, ‘त्यांची साइट बदलली.’ कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की ‘त्या म्हाताऱ्याच्या भानगडीत’ तुमचा एका दिवसाचा पगार कापला गेला. म्हणून तुमचं नाव, टॉवरचं नाव, एजन्सीचं नाव, काहीच घालत नाही. तुमच्या नजरेला पडलं तर तुम्ही ओळखालच. नाही पडलं तर फलटणकडचं कुणीतरी वाचेल आणि सांगेल.

पप्पा ८० वर्षांचे आहेत. तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. दिवसा बरे असतात, दिवेलागणीला मात्र त्यांना घाई सुटते. कुठे निघालात विचारलं की म्हणतात, ‘पाळीला.’ लोअर परळच्या मिलमध्ये ते स्पिनिंग खात्यात होते, बहुतेक रातपाळीलाच. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात पप्पाही होते, आणि त्या गेटातून ते पुन्हा कधी आत गेले नाहीत. संप डोक्यातून पुसला गेलाय. रातपाळी तेवढी उरलीय.

जुलैतल्या त्या रात्री दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. चूक माझी. साडेअकराला बघते तर गादी रिकामी. भाऊ, वहिनी, मजल्यावरची पोरं, सगळे छत्र्या घेऊन बाहेर. भायखळा स्टेशन झालं, जे.जे.ची बाजू झाली, नागपाडा झाला, पोलीस ठाण्यात तक्रार झाली. पाऊस असा, की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. आम्ही सगळे दक्षिणेला शोधत होतो. पप्पा उत्तरेला गेले होते: चिंचपोकळी, मग करी रोडचा पूल, मग थेट मिल. नातेवाईक अजून म्हणतात, ‘बिचारे वाट चुकले.’ वाट चुकले नव्हते, दादा. वाट बरोबरच होती, मिल जागेवर नव्हती. तिच्या जागी तो टॉवर होता आणि टॉवरच्या गेटवर तुम्ही.

पुढचं तुम्हीच, मी पहिल्यांदा भेटायला आले त्या रविवारी, मला सांगितलंत, तेही मी तीन-तीनदा विचारल्यावर. एकच्या सुमाराला एक चिंब भिजलेला म्हातारा आला आणि म्हणाला, ‘उशीर झाला, आत सोडा.’ अशा माणसाला हाकलणं हीच तुमची नोकरी. त्यासाठीच बारा-बारा तास उभं करतात. तुम्ही काय म्हणालात? ‘मामा, अजून भोंगा झाला न्हाय. झाला की सोडतो. तवर टेका जरा.’

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात घोळवलं असेल! पाळीच्या वेळेला वाजणारा मिलचा भोंगा काय असतो हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण तुमचे चुलते कधीकाळी परळला मिलमध्ये होते. पण नुसतं ठाऊक असून भागत नाही. मलाही ठाऊक होतं. मी तीन वर्षं पप्पांना काय सांगत होते? ‘पप्पा, मिल बंद झाली. किती वर्षं झाली. आता तिथे काही नाही.’ आणि दर वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही त्यांना हे पहिल्यांदाच कळतंय. खरं बोलतेय या घमेंडीत मी त्यांची मिल रोज संध्याकाळी नव्याने बंद करत होते.

तुम्ही त्यांना केबिनमध्ये खुर्ची दिलीत. ओला सदरा काढून तुमचा घरी जायचा शर्ट घातलात. डब्यातली भाकरी आणि ठेचा अर्धा अर्धा केलात. वर कॅमेरा होता, सुपरवायझर सकाळी बघणार हे माहीत असून. बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रात एक ओळ आहे, शत्रूंच्या देखत देव आपल्यापुढे ताट वाढतो अशी. लहानपणापासून म्हणत आलेय, पण शत्रूंच्या देखत कशाला, जेवायला शांत जागा नाही का, असं मला नेहमी वाटायचं. आता त्या ओळीशी आले की सीसीटीव्हीखालची ती अर्धी भाकरी दिसते. सुपरवायझरांना शत्रू म्हणायचा माझा हेतू नाही. पगार त्यांनी कापला, हे मात्र खरं.

मग तो काठीचा प्रकार. तुमच्या हातातली काठी बघून पप्पांना वाटलं, पाळकसाहेब आले. तुम्ही गोंधळलात. चर्चच्या धर्मगुरूला आम्ही मराठी प्रोटेस्टंट लोक ‘पाळक’ म्हणतो. पाळणारा, राखणारा. इंग्रजीतला पास्टर हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि तिथे त्याचा अर्थ मेंढपाळ असाच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१मध्ये त्यांचं काम नगरला पोचलं. माझे पणजोबा नगरकडचे. त्या मुलखात मेंढरं कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. बाकी कितीतरी गोष्टी सांगाव्या लागल्या असतील, पण मेंढरू खांद्यावर घेऊन चालणारा माणूस तिथल्या प्रत्येकाने पाहिला होता.

तर पप्पांनी तुम्हाला सलाम केला, उभे राहिले आणि अख्खं तेविसावं स्तोत्र म्हणून दाखवलं. माझं नाव त्यांना चार दिवसांतून एकदा आठवतं. हे सहा ओव्यांचं स्तोत्र अडखळल्याशिवाय येतं. डॉक्टर म्हणतात, लहानपणी घोकलेलं सर्वांत शेवटी जातं.

या स्तोत्राशी माझं जुनं भांडण आहे. संपाच्या वर्षी मी आठ वर्षांची होते. रोज रात्री जेवणाआधी पप्पा ते म्हणायला लावायचे. पहिल्याच ओळीत ‘मला काही उणे पडणार नाही’ आहे. आणि ताटात भात आणि मिठाचं पाणी. एके दिवशी मी म्हटलं, ‘पप्पा, उणं पडतंय की.’ आईने डोळे वटारले. पप्पा रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘तू म्हण. मी पण म्हणतो. उणं आहे म्हणूनच म्हणायचं.’ मला पटलं नव्हतं. पूर्ण पटलंय असं आजही म्हणणार नाही.

पण तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मात्र मी गेटवरच हसत सुटले: ‘ताई, आधी मला वाटलं म्हातारं आमच्यातलंच हाय. आकडी म्हणालं की ते! आकडी कुणाला म्हाईत असती मुंबईत?’

स्तोत्रात आहे, तुझी आकडी आणि तुझी काठी मला धीर देतात. मी पन्नास वर्षं ती आकडी म्हणत होते आणि ती नेमकी काय, हे कधी विचारलं नव्हतं. लहानपणी फीट येते तिला आकडी म्हणतात, हे तेवढं माहीत. तुम्ही हवेत हात करून दाखवलंत: लांब काठी, टोकाला वाकडी, उंचावरची बाभळीची फांदी खाली ओढायला. म्हणजे काठी राखायला आणि आकडी चारायला, असा माझा मी अर्थ लावला. पुस्तकी पंडित वेगळा लावतील. बायबलमधल्या देशातला मेंढपाळ तिने मेंढरं वळवायचा, अडकलेलं ओढून काढायचा, असं शब्बाथशाळेतल्या बाईंनी सांगितल्याचं आता आठवतं. मला तुमची बाभूळ जास्त आवडली.

आमच्या घरी कॅलेंडरवर एक मेंढपाळ आहे. गोरापान, निळे डोळे, धुतलेली पांढरीशुभ्र कोकरं. तुमच्याकडची मेंढरं बहुतेक काळी. दिवाळी झाली की वडिलांबरोबर घाट उतरून कोकणात जायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावायची आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. हे सांगताना तुम्ही एकदाही ‘शांत’, ‘रम्य’ असलं काही म्हणाला नाहीत. गोचीड, लांडगा, पाय कुजण्याचा रोग आणि झोप, हेच सांगितलंत. विशेषतः झोप. ‘मेंढरामागं झोप नसती, ताई. म्हणून तर वॉचमनकी जमली.’ मग हळूच म्हणालात, ‘चारच्या सुमाराला डुलकी लागली हुती मला. म्हातारं जागं हुतं.’ १२१व्या स्तोत्रात देव डुलकीसुद्धा घेत नाही म्हटलंय. तेवढा फरक राहू द्या.

आता मला जे खरं बोलायचंय ते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मी उत्तम मेंढपाळ आहे. आणि लगेच मोलकऱ्याची गोष्ट सांगतो. मोलकरी म्हणजे पगारी. मेंढरं त्याची नसतात, म्हणून लांडगा दिसला की तो पळतो. या मोलकऱ्यावर मी आजवर निदान वीस उपदेश ऐकलेत. एकाही उपदेशात त्याच्या बाजूने कुणी बोललेलं आठवत नाही. तुम्ही मोलकरीच की! कंत्राटी, आज या गेटवर, उद्या त्या. ते मेंढरू तुमचं नव्हतं, तुमच्या जातीचं नव्हतं, तुमच्या देवाचं नव्हतं. तुम्ही पळाला नाहीत.

घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा काढला, जरा रागातच. आणि तिसऱ्याच ओवीत एक माणूस सापडला, जो मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता. मेंढपाळ येतो तेव्हा त्याच्यासाठी द्वारपाळ दार उघडतो. बस, एवढंच. त्याला नाव नाही, पुढे त्याचं काय झालं ते नाही, पुढच्या ओव्यांत तो परत येतही नाही. चोर कोण आणि मेंढपाळ कोण, हे रात्रीच्या अंधारात ओळखायची जबाबदारी मात्र त्याची. आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, द्वारपाळावर कधी उपदेश केलात का. हसले आणि म्हणाले, ‘तू कर.’ तर हा समजा.

देव राखतो, असं मी मानते. कसं राखतो ते मला सांगता येत नाही. त्या रात्री आम्ही सहा-सात जण प्रार्थना करत पावसात धावत होतो आणि ज्याने राखलं त्याला आमची प्रार्थना ठाऊकही नव्हती. ‘परमेश्वराने तुम्हाला पाठवलं,’ असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मला एजन्सीनं पाठवलं. बिरोबा हाय आमचा, त्यो मेंढरं राखतो. आमी नुसतं हिंडतो त्याच्यामागं.’ यावर वाद घालायची मला हिंमत झाली नाही.

पप्पांच्या खिशातलं उपकारस्तुतीचं, म्हणजे चर्चला दान द्यायचं, पाकीट तुम्ही शोधलंत, त्यावरचा चर्चचा फोन लावत राहिलात. पहाटे पाण्याची वेळ झाली तेव्हा आमचा केअरटेकर उठला आणि त्याने तो घेतला. टॅक्सीतून आम्ही उतरलो तर पप्पा तुमच्या शर्टात, हातात स्टीलचा चहाचा पेला, वैतागलेले. ‘भोंगाच होईना आज,’ म्हणाले.

‘खूण करा,’ तुम्ही बजावलं होतंत. ‘आमी पाठीवर रंग लावतो, कळपात मिसळलं तरी वळखू येतं.’ वहिनीने पप्पांच्या प्रत्येक सदऱ्याला आतून कापडी पट्टी शिवलीय, त्यावर फोन नंबर, न पुसणाऱ्या शाईने. दाराला आता कुलूपही असतं. आणि संध्याकाळी ते चपला शोधायला लागले की मी म्हणते, ‘पप्पा, भोंगा नाही झाला अजून.’ बसतात. कधी दहा मिनिटं, कधी जेवणापर्यंत. मधेच विचारतात, ‘ते काठीवाले पाळकसाहेब परत कधी येणार?’

नाताळात आमच्याकडे करंज्या होतात, तुमच्याकडे दिवाळीत होतात तशाच. तेव्हा या, किंवा त्याआधी कधीही. भायखळ्याच्या आमच्या चर्चचा नंबर तुमच्या फोनमध्ये असेलच, त्या रात्री तुम्ही अकरा वेळा लावला होता.

कापलेल्या पगाराचं पाकीट वेगळं ठेवलंय. नको म्हणू नका. शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात आहे. वरून दुसरं बटण तुटलेलं होतं, ते मी लावलंय. रंग जरा वेगळा आलाय, तेवढं चालवून घ्या.

तुमची,
भायखळ्याची ताई