व्हीएचएस कॅसेट भंगारात देऊ नका

गल्लोगल्लीच्या व्हिडिओ लायब्रऱ्या बंद झाल्या, कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचे, म्हणजे नव्या व्हीसीआरचे उत्पादनही २०१६ मध्ये थांबले. पण लग्नामुंजींच्या, गॅदरिंगच्या व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ टेपच्या कॅसेट अनेकांच्या माळ्यावर आहेत. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून रिळाची कड पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. अशी कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, म्हणजे हेडला चिकटते, पडद्यावर मुंग्या येतात आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते. बुरशीची कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आडवेच पुसावे, उभे पुसल्यास त्याचे नाजूक टोक मोडते. कापूस नको, त्याचे तंतू अडकतात.

कॅसेटच्या कण्यावरचा (लेबलच्या अरुंद कडेवरचा) छोटा टॅब मोडलेला असावा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होत नाही. लायब्ररीवाले तो आधीच मोडत. रिवाइंडचा त्यांचा आग्रहही रास्त होता. आजही टेप पूर्ण गुंडाळून कॅसेट उभी ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. आणि चालू स्थितीतला व्हीसीआर मिळतोय तोवर डिजिटल प्रत करून घ्या.

– एक वाचक, पुणे