आलेग्रियास शिकताना: मुग्धाला पत्र

कादिझ, स्पेन

प्रिय मुग्धा,

फ्लेमेन्को नाचातली ही कादिझची बारा मात्रांची आलेग्रियास शिकायचीच असेल तर पावलांची घाई करू नकोस. आधी टाळी पक्की कर. मात्रा बारा म्हटल्यावर तू लगेच एकताल धरशील, आणि तिथेच घोटाळा होतो. एकतालात टाळ्या १, ५, ९, ११ वर; इथे वजन १२, ३, ६, ८, १० वर. बारापासून मोज, म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन असे तुकडे हाताला लागतील. इथे मोजताना दहानंतर अकरा-बारा म्हणत नाहीत, पुन्हा ‘उन, दोस’ म्हणतात.

कथकवाल्यांना सगळ्यात जड जातं ते पुढचं. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर, पहिल्या मात्रेवर, आणायची सवय असल्यामुळे पाय आपोआप एकवर थांबतो. इथे तुकडा दहावर बंद होतो. उरलेल्या दोन मात्रा रिकाम्या सोडायच्या. त्या भरल्यास की गायकाच्या उचलीवर तुझा पाय पडलाच समज. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ९० ठोक्यांवर ठेव आणि फक्त दहावर थांबायचा रियाज कर.

टाळ्या दोन प्रकारच्या. गाणं चालू असताना तळवे पोकळ करून दबकी टाळी. पदन्यासाला उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर मारून खणखणीत टाळी. गाण्यावर खणखणीत टाळी वाजवली की शब्द बुडतात.

दादाच्या गिटारवर सुरुवातीला दोनच कॉर्ड पुरेत: ई मेजर आणि बी सेव्हन. एक-दोनवर ई, तीनपासून नऊपर्यंत बी सेव्हन, दहावर परत ई. गायकाच्या पट्टीप्रमाणे कॅपो, म्हणजे तारांवर लावायचा चिमटा, सरकवायचा, बोटं तीच.

गाणं बहुतेक ‘तिरितित्रान’ या अर्थ नसलेल्या बोलाने उघडतं. ही सुरुवात कादिझच्याच इग्नासिओ एस्पेलेता या गायकाच्या नावावर सांगतात. पुढचं कडवं चार ओळींचं, ओळीला आठ अक्षरं. ओळ चालू असताना नाचणारीने फक्त अंगाने लय दाखवायची. पायाचं काम ओळ संपल्यावर. हा संयम मला नाचातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

कडव्यांनंतर ‘सिलेन्सिओ’. गिटार ई मायनरमध्ये उतरते, गाणं थांबतं, लय संथ होते, आणि सगळं काम हात-पाठीचं. घाईत हात खांद्यातून उचलले जातात. कोपर वर धरून पाठीतून उचल. मग ‘एस्कोबिया’, म्हणजे पदन्यास. गुडघे सैल, वजन खाली. टाच गुडघ्याखालून मारायची, कमरेतून नाही, नाहीतर पाठ धरते. लय वाढवायची ती ठरवून, एकेका आवर्तनाने. पाय तापले की लय आपोआप पळते आणि दहाची जागा हुकते. तसं झालं तर थांबून टाळीवर परत ये.

शेवटी कादिझच्या बुलेरियास, हा फ्लेमेन्कोचाच दुसरा प्रकार, येतात. त्यांच्याही मात्रा बाराच, पण फार चपळ. त्या आत्ता नकोत, पुढच्या पत्रात लिहीन.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई