तीन गोळ्या, एकच घोट

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. परवा पाच महिन्यांची गरोदर मुलगी सासूबरोबर आली. थायरॉईडची गोळी ५० ची ७५ झाली होती, आता १००. तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा) उतरेना. गोळ्या चुकवते म्हणून दवाखान्यात बोलणी खाल्लेली, आणि सासूही तीच री ओढत होती.

"कशी घेतेस?" म्हटलं. तिनं पर्समधून डबी काढली. थायरॉईडची गोळी, लोहाची लाल, कॅल्शियमची. उठल्याउठल्या उपाशीपोटी तिन्ही एका घोटात, विसर नको म्हणून! एवढी शिस्त, आणि तीच नडली.

लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, धरून बसतात. ते रक्तात पुरतं उतरत नाही, बरंचसं शौचावाटे जातं. मध्ये चार तास तरी जायला हवेत. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज मुळातच वाढते, त्यामुळे डोस वाढवताना कुणाला संशयही येत नाही. वेळ सुधारली की हाच १०० चा डोस जास्तही ठरेल, म्हणून तिला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडेच परत धाडलं.

साहेब, चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या आपलंच खातं देतं. चांगलंच आहे. या दोन्ही एकत्र घेऊ नयेत, हेही सरकारी सूचनांत आहे, कारण कॅल्शियम लोहालाही अडवतं. पण ते कागद उपकेंद्राच्या कपाटात. बाईच्या हाती येते ती नुसती स्ट्रिप.

मी पाकिटावर पेनानं लिहून दिलं: थायरॉईड उठल्यावर, चहाच्या तासभर आधी. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर. लोह संध्याकाळी पाचला. (नेमकी चहाची वेळ! चहाही लोहाला अडवतो. लिंबूपाणी घे म्हटलं.)

हेच वेळापत्रक माता-बाल संरक्षण कार्डावर मराठीत छापा, सोबत सूर्य-चंद्राची चित्रं. आणि लाल गोळ्या हातात देताना आशाताईंनी एवढंच विचारावं: "आणखी कुठली गोळी चालू आहे का गं?" उत्तर थायरॉईड आलं तर पुढचं काय सांगायचं, ते त्यांच्या पुढच्या प्रशिक्षणात अर्ध्या तासात शिकवून होईल.

आपला,
एक औषधविक्रेता