टोचन लावण्याआधी नोझल काढा

संपादक महोदय,

उसाचा हंगाम तोंडावर आला की चार-पाच वर्षं बांधाला उभे असलेले ट्रक बाहेर निघतात. बॅटरी मेलेली, सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरत नाही, मग ट्रॅक्टरने टोचन लावून, म्हणजे मागे बांधून ओढत, गियरमध्ये क्लच सोडून इंजिन सुरू करायचं, ही पद्धत सर्रास दिसते. रोज चालणाऱ्या गाडीला ती खपून जाते. उभ्या गाडीत लायनर (सिलिंडरची आतली नळी) गंजून पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, त्या तुटतात. हेड गास्केटमधून एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. सेल्फ तिथे अडतो, ट्रॅक्टर अडत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत हवा नसलेल्या एअर ब्रेकच्या गाडीला ओढताना ब्रेकच नसतो.

टाटाच्या सहा सिलिंडरच्या 697 इंजिनाचं उदाहरण घेऊ. सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये 25-30 मिली इंजिन ऑइल सोडून निदान एक रात्र जाऊ द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन फिरवा. पाणी असेल तर नोझलच्या भोकातून बाहेर येईल. अजिबात फिरत नसेल तर पुन्हा ऑइल सोडून दोन-तीन दिवस थांबा. पान्याला लांब पाइप लावून जोर काढण्यापेक्षा हेड उतरवलेलं स्वस्त पडतं.

फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला. नोझल बाहेरच ठेवून, स्टॉप केबल (डिझेल तोडून इंजिन बंद करणारी केबल) ओढून सेल्फ मारा: एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत पुढे जाऊ नका. नोझल तपासून बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवेच घाला.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नोझलना डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे. जुनं डिझेल आत चिकट होतं आणि रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, जाम होतो. तो फुल डिझेलवर अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला रॅक मागे घेता येत नाही, आणि स्टॉप केबलही त्याच रॅकवर चालत असल्याने तीही कामाला येत नाही. म्हणून या इनलाइन (एका ओळीतल्या) पंपाचं बाजूचं झाकण उघडून रॅक बोटाने सरकतो का ते पाहा. सरकत नसेल तर ठोकाठोकी न करता पंप पंपवाल्याकडे द्या. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. वेळ आली तर हवा बंद करणं हाच उपाय. हात किंवा चिंधी लावू नये, आत ओढली जाते.

डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि काळा गाळ असतो. नुसता प्लग काढून तो जात नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. तोवर वेगळ्या कॅनमध्ये 20 लिटर ताजं डिझेल घेऊन त्यावर गाडी सुरू करा. दोन्ही डिझेल फिल्टर आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी बदला. डिझेलच्या लाइनमधली एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारा. बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, त्यामुळे सेल्फ मारताना गियर न्यूट्रलच हवा. रस्त्यावर नेण्याआधी चारही ड्रम उघडा, ब्रेक चेंबरचे रबर पाहा, एअर टाकीतलं पाणी सोडा. टायरवरच्या DOT कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांवरच्या टायरवर ऊस भरू नये. आणि आठ-दहा तास इंजिन चाललं की ते नवं ऑइलसुद्धा काढून टाका, लायनरचा गंज आणि सुटलेला गाळ त्यातच उतरलेला असतो.

– एक डिझेल मेकॅनिक, श्रीगोंदा